सात नंबरची हजेरी

सर, तक्रार आहे. आणि ती तुमच्याकडेच करायची, कारण जिवंत माणसांपैकी कुणी ती गांभीर्याने घेत नाही. तक्रार चपलेची आहे. चालता चालता माझ्या उजव्या पायातली चप्पल मागे राहते आणि मी पुढे जातो, हे बायकोच्या लक्षात आल्यावर तिने शहापूरच्या बाजारातून मला सँडल आणल्या. त्यांना पुढून पट्टा आहे, मागून पट्टा आहे, आणि दोन्ही पट्टे चर्रकन आवाज करत उघडतात. बालवाडीतल्या पोरांच्या असतात तशा. दुकानदार म्हणे तिला विचारत होता, ‘यात चालताना लाल दिवा लागणाऱ्या पण येतात, दाखवू का?’ तीस वर्षं मी शाळेत संस्कृत शिकवलं. माझ्या नुसत्या पावलांच्या आवाजाने नववी अ गप्प बसायची. आता माझी पावलं ऐकून शेजारचं मांजरसुद्धा उठत नाही. सँडल दाराशी ठेवलेल्या आहेत. रोज जाता-येता मी त्यांच्याकडे बघतो आणि त्या माझ्याकडे बघतात.

अक्षर बघून तुम्ही कपाळावर हात माराल, म्हणून आधीच सांगतो, हे डाव्या हाताने लिहितोय. दिवसाला अर्धं पान होतं. दोन वर्षांपूर्वी वर्गात फळ्यावर लिहिताना माझ्या हातून खडू पडला. तो उचलायला वाकलो आणि वर आलोच नाही. मुलांना वाटलं सर काहीतरी करून दाखवतायत. दोघांनी टाळ्याही वाजवल्या. अर्धांगवायू. तुम्हाला झाला होता तोच, त्याच बाजूला, तसाच जिभेसकट. शिष्याने गुरूचं सगळंच उचलू नये हे खरं, पण मी तुमचा आवडता विद्यार्थी होतो ना. निदान तसं मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो.

पाय बराचसा आला. हात यायचाय. जीभ येते आणि जाते. साधे शब्द सुटतात, जोडाक्षर आलं की ती उंबऱ्याशी अडखळून उभी राहते. डॉक्टरीणबाईंनी कागदावर तीन गोळ्या लिहिल्या आणि चौथ्या ओळीत लिहिलं, ‘जुन्या मित्रांना भेटणे, गप्पा मारणे, आठवड्यातून दोनदा.’ बायकोने मला विचारलं, ‘हे जेवणाआधी की जेवणानंतर?’ तीन गोळ्या मी नेमाने घेतल्या. चौथं औषध दोन वर्षं घेतलं नाही. त्याचं कारण तुम्हाला सांगायचं आहे, आणि तेच सांगता येत नाही म्हणून चपलांपासून सुरुवात केली.

तुमची हजेरी आठवते का, सर? मुरबाडच्या शाळेत सगळे नावाने हजेरी घ्यायचे, तुम्ही नंबराने, आणि तेही संस्कृतात. ‘सप्त!’ म्हटलं की मी ताठ उभा राहून ‘उपस्थितः’ म्हणायचो, विसर्गासकट. ‘एकोनविंशतिः!’ म्हटलं की शेवटच्या बाकावरून टोकावड्याच्या बाजूचा तो काळा, उंच मुलगा म्हणायचा, ‘हाय ना सर.’ तुम्ही त्याला उभं केलंत, बाकावर केलंत, वर्गाबाहेर केलंत. तो दाराबाहेरूनही म्हणाला, ‘हाय, हतंच हाय.’ शेवटी तुम्ही हात टेकलेत. आम्ही एकमेकांना नंबरानेच हाक मारायला लागलो ती अजून तशीच. त्याची बायकोही त्याला एकोणीस म्हणते. पौषात तुम्ही वर्गाला म्हसा गावच्या जत्रेला न्यायचात, आणि परतताना कुणी गर्दीत राहू नये म्हणून घोंगडीवाल्यांच्या ओळीमागे चिंचेखाली उभं करून हजेरी घ्यायचात. शाळा सुटली, तुम्ही निवृत्त झालात, आम्ही पोटापाण्याला लागलो, तरी ती हजेरी राहिली. दरवर्षी जत्रेच्या पहिल्या दिवशी दुपारी त्याच चिंचेखाली जमेल तेवढा वर्ग जमतो. आपली मॉनिटर, तेवीस नंबर, आता आसनगावहून रोज कल्याणला नोकरीला जाते. त्या दिवशी ती रजा टाकते आणि नंबर पुकारते. तिला अजून सगळे पाठ आहेत. आमच्यातले चारजण गेले. त्यांचे नंबरही ती पुकारते, गाळत नाही. मग कुणी बोलत नाही, ती जरा थांबते आणि पुढचा नंबर घेते.

मी आजारी पडल्यावर दोन पौष गेले आणि मी गेलो नाही. फोनवर वर्गाच्या गटात रोज काही ना काही येत होतं, मी वाचत होतो आणि उत्तर देत नव्हतो. कुणी भेटायला आलं की बायकोने ‘झोपलेत’ म्हणायचं, असं मी ठरवून दिलं होतं. पहिल्या वर्षी एकोणीस आला. त्याचा आता माळशेजच्या रस्त्यावर ढाबा आहे, घरची भातशेती आहे, पोट सुटलंय, आवाज तोच. ‘झोपलाय तं झोपू द्या वैनी, मी बसतो,’ म्हणाला आणि बसला. तासभर. मी आतल्या खोलीत पडद्यामागे डोळे मिटून पडलेला, मला लघवीला लागलेली, आणि बाहेर हा बायकोला सांगतोय की यंदा कोलम भाताला कशा लोंब्या धरल्या. जाताना मोठ्याने म्हणाला, ‘झोपतो पन काय बेनं! शाळंतबी डोले उघडे ठेवून झोपायचा.’ सर, हे सपशेल खोटं आहे. वर्गात झोपायचा तो. पण मी झोपलेला असल्यामुळे मला प्रतिवाद करता आला नाही.

आता तुमच्या वर्गातला एक दिवस सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आठवी. एकोणीस उभा आहे आणि ‘देव’ शब्द चालवतो आहे. पहिल्या दोन ओळी कशाबशा झाल्यात. तिसऱ्या ओळीला ‘देवेन’ म्हणून तो थांबलाय. छताकडे बघतोय. तुमचा नियम होता की कुणी अडकलं तर वर्गाने वाट बघायची, सांगायचं नाही. मिनिट गेलं असेल. मला ते सहन होत नाही. मी पहिल्या बाकावरून म्हणतो, ‘देवाभ्याम्.’ हळू, पण तुम्हाला ऐकू जाईल इतपत. तुम्ही माझ्याकडे वळता आणि मारत नाही, ओरडतही नाही. म्हणता, ‘तुला येतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला येऊ दे की.’ तुमच्याकडून मिळालेली ती एकच बोलणी. मला तेव्हा त्यात स्तुतीच जास्त ऐकू आली होती.

पुढे तुम्हाला झटका आला तेव्हा मी शहापुरात नोकरीला लागून बरीच वर्षं झाली होती. मी भेटायला आलो. पडवीत तुम्ही लाकडी खुर्चीत, उजवा हात मांडीवर कुणी ठेवून दिल्यासारखा. मी ज्यांच्या तोंडून संस्कृत ऐकून ते शिकायचं ठरवलं, त्या तुमच्या ओठाच्या कोपऱ्यातून चहा ओघळत होता आणि काकू पदराने पुसत होत्या. मला बघून तुम्हाला आनंद झाला. इतका, की तुम्ही मला काहीतरी करून दाखवायला निघालात. काकू म्हणाल्या, ‘डॉक्टरांनी सांगितलंय, जे पाठ आहे ते रोज मोठ्यांदा म्हणा. ऐक आता, कालपासून पुष्कळ जमतंय.’ तुम्ही सुरू केलंत. देवः. देवौ. एकेक शब्द विहिरीतून वर काढावा तसा येत होता. दोन ओळी झाल्या. तिसरीला ‘देवेन’ म्हटलंत आणि थांबलात. मान पुढे, डोळे माझ्यावर, ओठ हलतायत. मला वाटतं, शब्द येत होता. आला असता.

मी म्हणालो, ‘देवाभ्याम्.’

एवढंच. खणखणीत, शुद्ध, जसा तुम्ही शिकवला होतात तसा. तुम्ही ओठ मिटलेत. पुढे म्हटलं नाहीत. काकू उगाच म्हणाल्या, ‘दमले आज.’ मी पाच वाजताची एसटी चुकेल म्हणून उठलो. पाच वाजताची एसटी पावणेसहाला येते हे तुम्हालाही ठाऊक होतं.

त्यानंतर तुम्ही चार वर्षं होतात. शहापूर ते मुरबाड किती लांब आहे ते मी तुम्हाला काय सांगू. मी पेपर तपासणी सांगितली, निवडणुकीचं काम सांगितलं, मुलीची परीक्षा सांगितली, आणि हे सगळं मी सांगितलं ते स्वतःलाच, कारण तुम्ही विचारायला येऊ शकत नव्हतात. तुम्हाला तसं बघणं मला सोसत नाही, असं मी बायकोला म्हणायचो. फार हळवा आहे मी, असं तिला आणि मलाही वाटायचं. तुम्ही गेलात तेव्हा शोकसभेत मी वीस मिनिटं बोललो. माझं भाषण उत्तम झालं. दोनचारजण रडले. एकोणीस मागे उभा होता; नंतर त्याने सतरंज्या घड्या केल्या. काही दिवसांनी कळलं की तुमची ती वही, हाताने लिहिलेली, सगळ्या शब्दांच्या रूपांची, काकूंनी त्याला देऊन टाकली. मला नाही, त्याला! सर, मी त्या गोष्टीवर कितीतरी वर्षं मनातून धुमसत होतो. ढाबेवाला तिच्यात भजी बांधून देईल, असं मी एकदा स्टाफरूममध्ये म्हटलं आणि लोक हसले.

गेल्या महिन्यात एकोणीस पुन्हा आला. न कळवता, आणि मागच्या दाराने, त्यामुळे बायकोला ‘झोपलेत’ म्हणायची संधी मिळाली नाही. ती वेळ माझ्या व्यायामाची. मलाही तेच सांगितलंय, पाठ असलेलं मोठ्याने म्हणायला. आणि पाठ म्हटल्यावर मला दुसरं काय सुचणार? एरवी बायको समोर बसते आणि माझा शब्द अडकला की तो पुरवते. प्रेमाने पुरवते. पोळीचा ‘पो’ म्हटला की पोळी ताटात. मी तिच्यावर किती खेकसलोय त्यावरून, आणि का खेकसतोय हे तिला एकदाही सांगितलेलं नाही. तर त्या दिवशी ती अंगणात होती. मी एकटाच. तिसऱ्या ओळीला ‘देवेन’ म्हटलं आणि थांबलो, आणि दारात हा उभा. खांद्यावर पिशवी. मला बघितलं, मी त्याला बघितलं. पळायला जागा नाही, पळायला पायही नाही. तो नुसता चौकटीला टेकला. मी ओठ जुळवतोय, ‘भ’ येतोय, ‘या’ निसटतोय. तो छताकडे बघतोय, आठवीत बघायचा तसा. किती वेळ गेला कोण जाणे. अंगणात बायकोने कपड्यांची अर्धी बादली वाळत घातली. मग एकदाचा आला शब्द. वाकडा, ओला, पण आला.

‘झालं?’ तो म्हणाला. ‘मंग चा सांग वैनीला. मला वाटलं रात होतेय हतंच.’

पिशवीतून त्याने तुमची वही काढली. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, कडेला हळदीचा एक डाग. मी विचारलं, माझ्या आताच्या भाषेत, म्हणजे अर्धं हातवाऱ्यांनी, की काकूंनी ही तुलाच का दिली. मग त्याने जे सांगितलं ते मला अठरा वर्षं कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी कुणाला विचारलं नव्हतं.

‘मी बाजाराला यायचो ना मुरबाडला, ढाब्याचा किराना भरायला. मंग जायचो सरांकडं. दर आठवड्याला. काकू म्हनल्या, यांच्यासंगं म्हनत जा जरा. आता मला काय येतंय? सर बोलायचे देवः, मी बोलायचो देवौ, तिसऱ्या वलीला दोघंबी ठप्प. सर माझ्याकडं बघायचे, मी सरांकडं. मंग दोघंबी हसायचो. चार वर्सं, लेका. शेवटी शेवटी सगला देव पाठ झाला मला. सरांनी तवा डाव्या हातानं पाठीवर थाप मारलीन माझ्या.’

मी वहीवरचं प्लास्टिक डाव्या हाताने सारखं करत राहिलो.

‘आनि तुला विचारायचे,’ तो म्हणाला. ‘बोलता तं येत नव्हतं तेव्हा. हात असा वर करायचे. आधी पाच बोटं, मंग दोन. एकाच हातानं सात कशी दावनार? मला पयल्यांदा कललंच नाय. मला वाटलं साखर सांगतायत का काय, सात किलो. मंग काकू बोलल्या, अरे, सात नंबर.’

‘तू काय… सांगायचास?’

‘काय सांगनार? बोलायचो, पेपर तपासतोय सर.’

सर, त्याने माझ्यासाठी चार वर्षं पेपर तपासले. आणि तेवढ्यावर तो थांबला नाही. बायको चहा घेऊन आली तेव्हा तो तिला सांगत होता की पहिल्या वर्षी मी जत्रेला नव्हतो तेव्हा तेवीसने नेहमीप्रमाणे नंबर पुकारले. ‘सप्त’ म्हणाली आणि कुणी बोललं नाही. ती जरा थांबली. ‘मला कसंतरीच झालं गो वैनी. ते थांबनं मेलेल्यांचं हाय. हा तं जित्ता झोपलेला. मंग मीच बोललो, उपस्थितः. पार विसर्गासकट. सगले माझ्याकडं बघायला लागले. मॉनिटर बोलली, स्वताच्या नंबराला कवा बोलला नाहीस असा. मी बोललो, माझा नंबर असला तं हाय म्हनेन. हा त्याचा हाय, त्याचा नीट म्हनला पायजे.’ दुसऱ्या वर्षीही त्यानेच म्हटलं. हे सांगताना त्याने चहात बुडवलेलं बिस्कीट चहातच पडलं आणि त्याला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

जाताना तो म्हणाला, ‘यंदा मी बोलनार नाय. जीप घेऊन येतो सकाली. तू येतोस. नाय आलास तं बोलू दे त्या चिंचेला.’ आणि वही माझ्या डाव्या हाताखाली सरकवून गेला. मी ती परत द्यायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, ‘मला पाठ हाय.’

जत्रा परवा आहे. आठवडाभर मी देव सोडून ‘उपस्थितः’ हा एकच शब्द म्हणतोय. दहादा म्हटला तर चारदा येतो. गटात मी दोन वर्षांनी पहिल्यांदा लिहिलं, ‘येतोय.’ एका बोटाने लिहायला एवढा वेळ लागला की तोवर तेवीसचं आलं होतं, ‘सात नंबर काहीतरी टाइप करतोय, सगळ्यांनी गप्प बसा.’ आणि खरोखर कुणी मध्ये काही लिहिलं नाही. बायको विचारते, कशाची काळजी करताय? मी म्हणतो, धूळ, गर्दी, बैल, लघवीची सोय. ती प्रत्येकावर उपाय काढते. सोबत काठी घेऊ, टोपी घेऊ, जीप चिंचेपर्यंत नेऊ. काल मी तिला एक गोष्ट मात्र सांगितली: मी अडकलो की थांब. तिने विचारलं, किती वेळ? मी म्हटलं, येईपर्यंत. ती म्हणाली, ‘मग आधी का नाही सांगितलंत?’ याचं उत्तर मी तिला दिलेलं नाही. ते वर लिहिलंय.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही. तुमच्या वहीत ठेवावं म्हटलं तर तिसऱ्या ओळीशी घडी पडलेली आहे, वही तिथेच उघडते, आणि तिथे मला काही ठेववत नाही. टेबलाच्या खणात राहील. तुमच्याकडे माफी मागायची होती, ती चार पानांत मागून झालेली नाही हे माझ्या लक्षात आलंय. तुम्ही विचारत होतात आणि मी मुद्दाम आलो नाही, एवढं सरळ लिहितो.

आणि भीती, सर, पडण्याची नाही, चपलांना कुणी हसेल याचीही नाही. हसले तर बरंच. भीती ही आहे की परवा तेवीस ‘सप्त’ म्हणेल, मी तोंड उघडीन, ‘उप’ येईल आणि पुढचं येणार नाही; सगळे वाट बघतील, आणि मग त्यांच्यातलं कुणीतरी, माझ्यासारखंच कुणीतरी हुशार, ते सहन न होऊन माझा शब्द पुरा करील. आणि मी तुमच्यासारखे ओठ मिटून घेईन.